हैदराबादची विमाने आणि नागपूरची मध्यरात्र

सिकंदराबादहून उस्मानिया विद्यापीठाच्या बाजूस निघाले म्हणजे वाटेत तारनाका नावाची वस्ती लागते. ‘तार’ आणि ‘नाका’ हे दोन्ही शब्द मराठी माणसास परके नाहीत. येथे एके काळी तारेचे कुंपण घातलेली आमराई होती आणि तिच्या तोंडाशी पहाऱ्याचा नाका होता, त्यावरून हे नाव पडले, असे जुने लोक सांगतात. आज तेथे आमराई नाही आणि पहाराही नाही. मात्र निजामाच्या राज्यात वाहतुकीची जी मोठी व्यवस्था उभी राहिली तिच्या खुणा या वस्तीच्या आसपास अद्याप आहेत. जवळच लालागुड्याला १८९३ साली सुरू झालेला रेल्वेचा कारखाना आहे, आणि खुद्द तारनाक्यात राज्य परिवहन महामंडळाचे रुग्णालय आहे. रेल्वे आणि बस या एकाच घरातल्या दोन बहिणी. त्यांना एक तिसरे भावंड होते, ते आकाशात गेले. त्याची खूण मात्र या परिसरात शोधून सापडत नाही. त्या भावंडाचे नाव डेक्कन एअरवेज.

निजामाच्या राज्यातील रेल्वे प्रथम एका विलायती कंपनीच्या हाती होती. १९३० साली संस्थानने ती आपल्या ताब्यात घेतली. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी गोदेच्या खोऱ्यातून जाणारी जी गाडी मराठवाड्याच्या तीन पिढ्यांनी वापरली, ती याच रेल्वेची. १९३२ साली या रेल्वेने रस्त्यावरची वाहतूकही आपल्याकडे घेतली. सत्तावीस बसगाड्या आणि एकशे सहासष्ट नोकर एवढ्याच भांडवलावर ते खाते सुरू झाले. त्या गाड्यांच्या क्रमांकात पुढे ‘झेड’ हे अक्षर आले. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या स्मरणार्थ ते घातले, असे सांगण्यात येते. रूळ आणि सडक एका छत्राखाली आल्यावर चालकांची दृष्टी आकाशाकडे वळावी, हे क्रमप्राप्तच होते.

आकाशही तोवर अगदीच मोकळे राहिले नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. पुढे या मार्गावरील बळ्ळारीचा मुक्काम सुटला आणि त्याच्या जागी हैदराबाद आले. बेगमपेठच्या माळावर विमाने उतरू लागली. तथापि स्वतःची विमान कंपनी असावी हा संस्थानचा मनोरथ प्रत्यक्षात यावयास दुसरे महायुद्ध संपावे लागले.

युद्ध संपताच हिंदुस्थानात एक नवलाची गोष्ट घडली. अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्यांनी मागे ठेवलेली डग्लस कंपनीची ‘डाकोटा’ विमाने स्वस्तात विक्रीस निघाली. युद्धात सैनिक, दारूगोळा, जखमी आणि पीठाची पोती वाहिलेली ही दोन इंजिनांची दणकट विमाने. प्रत्येक इंजिनाची शक्ती सुमारे बाराशे अश्वशक्ती, आणि वेग ताशी दीडशे मैलांच्या आसपास. नवे विमान मागवावे तर परदेशच्या कारखान्यापुढे रांग लावून बसावे लागे. हे मात्र येथेच उभे होते. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात अशी अनेक विमाने खोलून, तपासून, त्यांत खुर्च्या बसवून प्रवासी वाहतुकीस योग्य करण्यात आली. ज्याच्याजवळ थोडे भांडवल आणि बरीच उमेद होती अशा प्रत्येकास वाटू लागले की आपणही विमान कंपनी काढावी. पुढच्या अनेक दुःखांचे मूळ या स्वस्ताईत आहे.

डेक्कन एअरवेज १९४५ साली स्थापन झाली. तिच्यात निजामाच्या रेल्वेचा मोठा हिस्सा आणि टाटांच्या विमान कंपनीचा लहान हिस्सा होता. बेगमपेठ हे तिचे ठाणे. मद्रासहून हैदराबाद, तेथून नागपूर आणि मग दिल्ली हा तिचा मुख्य मार्ग. या मार्गाकडे मराठी वाचकाने थोडे लक्ष द्यावे. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून ज्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, त्यांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. ते विद्यार्थी नागपूरला गेले. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. हैदराबाद आणि नागपूर यांचा हा संबंध विमानांच्या आधीचा आहे. विमानांनी तो दिवसभराच्या प्रवासावरून दोन-अडीच तासांवर आणला.

या कंपनीची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रेम माथुर या तरुणीने १९४७ साली व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविला आणि नोकरीसाठी कंपन्यांचे उंबरे झिजविले. बाई विमान चालविते म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, अशा सबबी तिने ठिकठिकाणी ऐकल्या. अखेर तिला दार उघडले ते हैदराबादच्या कंपनीने. भारतातील पहिली व्यावसायिक महिला वैमानिक डेक्कन एअरवेजच्या डाकोटात बसली. १९४९ सालची राष्ट्रीय हवाई शर्यतही तिने जिंकली. मात्र मुख्य वैमानिकाची जागा तिला या कंपनीत मिळाली नाही, ती सहवैमानिकच राहिली. दार उघडले, परंतु पुरते उघडले नाही, असेच म्हणावे लागते.

मध्यंतरी १९४८ साल आले. संस्थान आणि भारत सरकार यांच्यातील बोलणी फिसकटत चालली होती. त्या पावसाळ्यात भारत सरकारने डेक्कन एअरवेजची उड्डाणे थांबविली, आणि बेगमपेठची विमाने जमिनीवर खिळली. त्याच दिवसांत दुसरीच विमाने हैदराबादच्या आकाशात येत होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून मोठ्या चार इंजिनी विमानांतून शस्त्रे आणीत होता आणि रात्रीच्या अंधारात बीदर, वरंगळ यांसारख्या धावपट्ट्यांवर उतरवीत होता. रझाकारांच्या जुलमाखाली मराठवाडा होरपळत असताना डोक्यावरून जाणारा हा घरघराट ज्यांनी ऐकला असेल त्यांच्या मनात विमानाविषयी कोणती भावना उमटली असेल, हे वेगळे सांगावयास नको. सप्टेंबरमधील पोलीस कारवाईने तो अध्याय संपला. कॉटनवर पुढे विलायतेत खटला होऊन त्यास दंड झाला. आश्चर्य हे की रात्रीच्या विमानांचा दुसरा अध्याय यानंतर पाच महिन्यांच्या आतच सुरू झाला, आणि त्यातील माल अगदी निराळा होता. तो होता लोकांची पत्रे.

३० जानेवारी १९४९ रोजी भारत सरकारने रात्रीची हवाई टपालसेवा सुरू केली. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. योजना ऐकावयास विलक्षण सोपी होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून दिवसभराचे टपाल घेऊन रात्री एकेक विमान उडावयाचे. चौघांनी मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यावयाचे, थैल्यांची अदलाबदल करावयाची, आणि पहाट होण्याच्या सुमारास आपापल्या शहरी परतावयाचे. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्याच्या पोस्टमनच्या पिशवीत दिसू लागले. १ एप्रिल १९४९ पासून तर देशातील साध्या पत्रांसही जादा तिकिटावाचून विमानाने जाण्याची मुभा मिळाली. पेढीवरची हुंडी असो की सासरी गेलेल्या मुलीचे खुशालीचे पत्र, ते आकाशातून जाऊ लागले. जगातील मोठमोठ्या देशांनाही ही सोय तेव्हा नवी होती.

नागपूरच का? उत्तर नकाशातच आहे. हवाई रेषेने पाहिले तर नागपूरपासून मुंबई सुमारे ४३० मैल, दिल्ली ५३०, मद्रास ५७० आणि कलकत्ता ६००. डाकोटाला यांतील कोणतेही अंतर तीन-चार तासांचे. चारही विमाने जवळजवळ एकाच वेळी जेथे येऊन मिळतील असे दुसरे मोठे शहर देशात नाही. विदर्भाच्या राजधानीला भूगोलाने दिलेला हा मान होता. दिवसा शांत असणारे सोनेगाव रात्री एक-दोनच्या सुमारास जागे होई. एकामागून एक विमाने उतरत, दिवे हलत, थैल्यांची पोती एका विमानातून निघून दुसऱ्यात शिरत. या विमानांतून उतारूही जात. भाडे दिवसाच्या विमानापेक्षा कमी, म्हणून टपालाच्या थैल्यांच्या सोबतीने रात्र काढावयास अनेक जण तयार असत. असे उतारू नागपूरला उतरून अपरात्री जेवत, पाय मोकळे करीत, आणि निरनिराळ्या दिशांस पांगत.

परंतु या सोप्या योजनेला एक कठीण बाजू होती, आणि ती बोलून दाखविणारा मनुष्य साधासुधा नव्हता. जे. आर. डी. टाटा यांनी योजनेस उघड विरोध केला. रात्री उडावयाचे तर वाटेवर रेडिओचे मार्गदर्शन हवे, उतरण्याच्या ठिकाणी पुरेसे दिवे हवेत, हवामानाची वेळोवेळी खबर हवी, संकटात उतरण्यास पर्यायी विमानतळ हवेत. हे काही तयार नसताना रात्रीची उड्डाणे सुरू करणे हे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे. मंत्र्यांना ही खाजगी भांडवलाची आडकाठी वाटली. दोघांत वृत्तपत्रांतूनही खडाजंगी झाली. सेवा प्रथम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या कंपनीकडे गेली. तिला ती पेलली नाही. नंतर हिमालयन एव्हिएशनने ती उचलली, आणि पुढे ती डेक्कन एअरवेजच्या वाट्यास आली. म्हणजे ज्या कंपनीत टाटांचाच भाग होता तिच्याच वैमानिकांना ही रात्र अंगावर घ्यावी लागली.

मंत्री चुकले की टाटा, याचा निवाडा आज करताना दोघांसही थोडे थोडे श्रेय द्यावे लागते. देशाचे टपाल एका रात्रीत देशभर पोचविणे ही स्वतंत्र राष्ट्राची रास्त आकांक्षा होती, आणि सर्व साधने जमेपर्यंत थांबावयाचे म्हटले असते तर किती वर्षे गेली असती हे कोण सांगणार? परंतु या योजनेच्या रचनेतच एक अदृश्य दडपण होते. चार विमानांनी एकमेकांची वाट पाहावयाची असते. एकास उशीर झाला की तिघे खोळंबतात, आणि तिघे खोळंबले की तीन शहरांचे टपाल खोळंबते. मद्रासच्या वैमानिकाने ढग पाहून अर्धा तास थांबावयाचे ठरविले तर त्याचा जाब दिल्लीत विचारला जाईल, अशी ही साखळी. रेल्वेत सिग्नल पडला नाही तर गाडी जागीच उभी राहते, प्रवासी कुरकुरतात आणि झोपी जातात. हवेतल्या विमानाला ही सोय नाही. त्याला थांबावयाचे असेल तर निघण्यापूर्वीच थांबले पाहिजे, आणि नेमक्या त्या क्षणी घड्याळ त्याच्या विरुद्ध असते.

हिशेब लवकरच पुढे आला. २१ नोव्हेंबर १९५१ रोजी डेक्कन एअरवेजची एक डाकोटा कलकत्त्याजवळ दमदम येथे उतरता उतरता कोसळली, आणि आतील बहुतेक सर्व माणसे दगावली. पुढच्याच फेब्रुवारीत कंपनीचे आणखी एक विमान खुद्द नागपूरजवळ पडले. तीन महिन्यांत दोन अपघात, आणि दोन्ही उतरण्याच्या वेळचे. विमान आकाशात असते तोवर रात्र आणि दिवस यांत फारसा भेद नाही. जमीन जवळ येऊ लागते तेव्हा अंधाराला धार येते. टाटांनी दिव्यांविषयी जे म्हटले होते ते वैमानिकांना पुस्तकातून शिकावयास नको होते.

या काळात केवळ डेक्कन एअरवेजवरच संकट होते असे नव्हे. स्वस्त डाकोटांच्या मोहाने निघालेल्या कंपन्यांपैकी अंबिका आणि ज्युपिटर यांच्यासारख्या काहींनी गाशा गुंडाळला होता, आणि उरलेल्या तोट्यात होत्या. यांचे दुखणे तपासण्यासाठी सरकारने १९५० साली एक चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष. वृत्तपत्रांच्या वाचकांस हे नाव ठाऊक आहे ते पुढे १९५२ साली नेमल्या गेलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगामुळे. त्यापूर्वी टपाल आणि रेल्वे कामगारांच्या तंट्यांतही त्यांनी लवादाचे काम केले होते. रेल्वे, टपाल, विमान आणि वृत्तपत्र, म्हणजे देशातील दळणवळणाच्या जवळजवळ प्रत्येक अंगाची नाडी या एका मराठी न्यायाधीशाने हाती घेतली, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नाही.

समितीचे निदान सरळ होते. देशातील वाहतुकीत चार कंपन्यांचा निर्वाह होईल, आणि परवाने मात्र त्याहून कितीतरी अधिक देऊन ठेवले आहेत. विमाने फार, उतारू थोडे, पेट्रोल महाग. सरकार पेट्रोलवरील करात सूट देते तिच्यावर कंपन्या कशाबशा तगून आहेत. उपाय म्हणून त्यांनी कंपन्यांनी आपखुशीने एकत्र यावे असे सुचविले, आणि राष्ट्रीयीकरण तूर्त काही वर्षे पुढे ढकलावे असे मत दिले. सल्ला शहाणपणाचा होता, परंतु आपखुशीने कोणी एकत्र आले नाही. तोट्यातील मनुष्यही आपल्या नावाची पाटी सहसा खाली उतरवीत नाही. या रोगाचा आणि सुरक्षिततेचा संबंधही उघड आहे. ज्या कंपनीस महिनाअखेरचे पगार भागविण्याची विवंचना, तिला सुटे भाग भरपूर ठेवणे, इंजिने वेळेआधी उतरवून उघडणे, ढगाळ रात्री उड्डाण रद्द करून भाडे बुडविणे, या गोष्टी जड जातात. लालागुड्याच्या कारखान्यात चाकावर हातोडी मारून नाद ऐकणारा कामगार गाडी रोखून धरू शकतो, कारण त्याच्या मागे एक भक्कम खाते उभे असते. विमानाच्या तंत्रज्ञामागेही तसेच बळ उभे असावे लागते.

अखेर संसदेने कायदा केला. जगजीवनराम तेव्हा दळणवळण मंत्री होते. १ ऑगस्ट १९५३ रोजी डेक्कन एअरवेजसह देशातील आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाल्या. नव्या महामंडळास एकूण नव्व्याण्णव विमाने मिळाली. त्यांत चौऱ्याहत्तर डाकोटा! युद्धाचे उरलेले लोखंड अजून देशाचे ओझे वाहत होते.

रात्रीच्या टपालाने या नव्या मालकासही सोडले नाही. १२ डिसेंबर १९५३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून मद्रासला निघालेली डाकोटा सोनेगावची धावपट्टी सोडताच एका इंजिनाची शक्ती गमावून बसली आणि पलीकडच्या शेतात कोसळून पेटली. तेरा माणसे मृत्युमुखी पडली. वाचला तो एकटा वैमानिक. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन उंचावर गेल्यावर बंद पडले तर दुसऱ्यावर विमान तोलता येते. भरलेल्या थैल्या आणि उतारू घेऊन जमीन नुकतीच सोडली असताना ते बंद पडले तर वैमानिकाच्या हाती काही क्षण उरतात. पत्र एक दिवस उशिरा पोचले असते तर कोणाचे काय बिघडले असते, हा प्रश्न त्या सकाळी नागपूरात अनेकांच्या मनात आला असेल. पुढे या मार्गावर चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने आणण्यात आली. तोवर जी किंमत देणे झाले ती देऊन झाली होती.

त्या वर्षी जगाचे लक्ष निराळ्याच विमानाकडे लागले होते. ब्रिटनचे ‘कॉमेट’ हे जगातले पहिले प्रवासी जेट २ मे १९५२ रोजी नियमित सेवेत आले. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याहून दिल्लीस निघालेले एक कॉमेट वादळात सापडून हुगळी जिल्ह्यात मोडून पडले. त्रेचाळीस जीव गेले. १९५४ साली भूमध्य समुद्रावर आणखी दोन कोसळली, आणि सर्व कॉमेट जमिनीवर आणण्यात आली. पाण्याच्या टाकीत विमानाचे धड बुडवून शास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा दाब देऊन पाहिला, तेव्हा पत्रा थकून फाटतो हे उघडकीस आले. जेटची वाट पाहणाऱ्या जगातल्या अनेक कंपन्यांना त्यामुळे आणखी काही वर्षे थांबावे लागले. एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ आले ते १९६० साली, आणि देशांतर्गत मार्गावर इंडियन एअरलाइन्सचे कॅरव्हेल जेट धावू लागले ते १९६४ साली. ज्यांना हा उशीर खटकला त्यांनी कॉमेटच्या त्या टाकीची आठवण ठेवावयास हवी होती. डाकोटा जुनी होती, मंद होती, परंतु तिचे दुखणे काय हे प्रत्येक तंत्रज्ञास ठाऊक होते.

हैदराबादकडे वळावयाचे तर तेथील तिन्ही भावंडे एव्हाना तीन घरी गेली होती. रेल्वे केंद्र सरकारकडे, बस राज्याकडे, विमाने महामंडळाकडे. विमानविद्येचा वारसा मात्र शहराने अगदीच टाकला नाही. इंडियन एअरलाइन्सचे केंद्रीय प्रशिक्षण केंद्र हैदराबादेतच उभे राहिले, आणि देशभरातील वैमानिक तेथे येऊन बनावट कोठडीत बसून इंजिन बंद पडल्याचा, चाके न उतरल्याचा, धुक्यात धावपट्टी न दिसल्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा गिरवू लागले. सोनेगावच्या त्या वैमानिकास जे काही क्षणांत करावे लागले, त्याची तालीम त्यानंतरच्या पिढीला जमिनीवर बसून करता आली. २३ मार्च २००८ रोजी शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला आणि बेगमपेठवरील उतारूंची वर्दळ थांबली.

तारनाक्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या क्रमांकात ‘झेड’ हे अक्षर पुढेही वर्षानुवर्षे दिसत राहिले, आणि निजामाच्या मातोश्रींची आठवण त्या निमित्ताने निघत राहिली. डेक्कन एअरवेजच्या विमानांवर ‘व्हीटी’ या सर्व भारतीय विमानांच्या अक्षरांपुढे आपापली तीन अक्षरे होती. १९५३ च्या ऑगस्टात रंगाऱ्यांनी कंपनीचे नाव पुसून त्यावर नव्या महामंडळाचे नाव रंगविले. ती अक्षरे मात्र नोंदवहीत होती तशीच ठेवावी लागली. त्याच अक्षरांची विमाने त्यानंतरही रात्री नागपूरला उतरत राहिली.